कर्ज किती ते नंतर बघू, आधी ते फिटतंय की नवं-जुनं होतंय ते बघा

प्रश्न असा आहे की भारतातल्या कुटुंबांचं कर्ज जीडीपीच्या ४२ टक्क्यांच्या आसपास आहे, अमेरिकेत तेच ७० च्या आसपास आणि ऑस्ट्रेलियात ११० च्या घरात, मग आपण सुस्थितीत आहोत असं समजायचं का? आणि कर्ज वाढतंय म्हणजे लोकांना उद्याचा भरवसा वाटतोय की लोक अडचणीत आहेत? आणि शेवटी विचारलंय की पुढच्या वर्षी हाच आकडा ४० वर आला तर खूश व्हायचं का?

मी २९ वर्षं एका सरकारी बँकेत काढली, त्यातली २१ कर्ज विभागात. आधी सोलापूर आणि सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या शाखा आणि शेवटची काही वर्षं ठाण्याकडे रिटेल लोनच्या प्रोसेसिंग सेंटरला. त्यामुळे मी अर्थशास्त्रज्ञ म्हणून नाही तर कर्जाची फाइल उघडून बघणारी बाई म्हणून सांगतेय. थोडं लांबेल, पण हा विषय दोन ओळीत सांगितला की माणूस चुकीचंच काहीतरी घेऊन जातो.

आधी ते ४२ काय आहे ते बघा. आरबीआय वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये, फायनान्शियल स्टॅबिलिटी रिपोर्ट काढते, त्यात हा आकडा येतो. जून २०२१ ला तो ३६.६ होता, जून २०२४ ला ४२.९ झाला, डिसेंबर २०२४ ला थोडा उतरून ४१.९. म्हणजे तीन वर्षांत सहा टक्क्यांपेक्षा जास्त चढला. लोक नुसतं ४२ बघतात आणि अमेरिकेशी तुलना करून निवांत होतात. पण कर्ज म्हणजे साचलेली रक्कम आणि जीडीपी म्हणजे वर्षभरात होणारी कमाई, ही दोन वेगळ्या जातीची मापं आहेत. तुमच्या घरात कुणी वर्षाच्या पगाराच्या पाचपट होमलोन घेतलं तर तुम्ही पेढे वाटता, आणि त्याच माणसाने अर्ध्या वर्षाच्या पगाराएवढं क्रेडिट कार्डचं बिल थकवलं तर घरात रडारड होते. नुसत्या रकमेवरून बघाल तर पहिला माणूस दहापट अडचणीत दिसायला हवा ना?

बघायचा तो हप्ता. १० लाखाचं कर्ज साडेआठ टक्क्याने २० वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता ८,६७८ रुपये बसतो. तेच १० लाख पर्सनल लोन म्हणून १४ टक्क्याने ३ वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३४ हजारांच्या वर जातो. कर्ज तेवढंच, महिन्याचा भार चौपट. आता अमेरिकेत कुटुंबांच्या कर्जात बहुतांश भाग घराच्या कर्जाचा असतो, तीस-तीस वर्षांचं, त्यातही बऱ्याच जणांचा व्याजदर शेवटपर्यंत ठरलेला. आपल्याकडे जून २०२५ च्या रिपोर्टप्रमाणे मार्च २०२५ ला घराच्या कर्जाचा वाटा २९ टक्के होता आणि घराव्यतिरिक्तच्या रिटेल कर्जाचा, म्हणजे पर्सनल लोन, कार्ड, गाडी, सोनं वगैरे, जवळपास ५५ टक्के. म्हणजे आपलं ४२ हे जास्त महाग आणि कमी मुदतीचं ४२ आहे, ते त्यांच्या ७० च्या शेजारी ठेवून बघताच येत नाही. डेन्मार्क, स्वित्झर्लंडमध्ये कुटुंबांचं कर्ज जगात बऱ्याच वरच्या पायरीवर आहे आणि तिथे काही आकाश कोसळलेलं नाही, कारण व्याज कमी, पेन्शनचा पैसा भरपूर साठलेला आणि नोकरी गेली तर सरकारचा आधार आहे. आपल्याकडे नोकरी गेली तर पहिला आधार म्हणजे बायकोचे दागिने.

दुसरी गोष्ट म्हणजे कर्ज सगळ्यांवर सारखं नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण भागातली ३५ टक्के आणि शहरातली साधारण २२ टक्केच कुटुंबं कर्जदार निघाली होती. म्हणजे सगळ्या देशाच्या उत्पन्नाने भागून आलेला आकडा त्या एक तृतीयांश घरांबद्दल फारसं काही सांगत नाही. तिसरं, हा आकडा मुख्यतः बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वह्यांतून येतो. सावकार, दुकानदाराची उधारी, मुकादमाची उचल, भिशीतून उचललेले पैसे, हे त्यात धड येत नाही. त्याच पाहणीत ग्रामीण कर्जातला एक तृतीयांश भाग असल्या खासगी लोकांकडचा होता. त्यामुळे एखाद्या गावात बँकेचं कर्ज वाढलं याचा अर्थ कधीकधी एवढाच असतो की माणूस महिन्याला शेकडा पाच रुपयाच्या सावकारातून सुटून बँकेत आला. हे वाढणं चांगलं आहे आणि मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

आता मुद्द्यावर येते. कर्ज हे देशाच्या तब्येतीचं लक्षण आहे का, तर आहे, पण नाडी कुठे धरायची ते कळलं पाहिजे. आमच्याकडे शाखेत एक शब्द रोज तोंडात असतो, नवं-जुनं. पीककर्ज नवं-जुनं करायचं, सोनेतारण नवं-जुनं करायचं. म्हणजे जुनं कर्ज कागदावर भरलं असं दाखवायचं आणि त्याच दिवशी नवीन उचलायचं. कागद स्वच्छ, खातं नियमित, थकबाकी शून्य आणि घरातला माणूस जागच्या जागी, किंवा एक पायरी खाली. माझं म्हणणं एवढंच आहे की देशाची तब्येत बघायची असेल तर किती कर्ज फिटतंय आणि किती नवं-जुनं होतंय हे बघा.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय. सोलापूर जिल्ह्यातल्या शाखेत एक बाई यायच्या, चार पाटल्या, निव्वळ वजन चाळीस ग्रॅम. व्हॅल्युअर कसोटीच्या दगडावर घासून बघायचा, वजन करायचा, लाखेचं सील लावून पाकीट तिजोरीत जायचं. पहिल्यांदा ठेवल्या त्या दोन म्हशींसाठी, २०१७ च्या सुमारास. ग्रॅमला २,७०० च्या आसपास भाव धरला आणि ७५ टक्क्याने ८१ हजार दिले. दूध डेअरीला जायचं, दहा दिवसाला बिल यायचं, वरून उसाचं बिल आलं आणि चौदाव्या महिन्यात बाई पाटल्या हातात घालून घरी गेल्या, मला अजून आठवतंय, काउंटरवरच घातल्या. दुसऱ्यांदा मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी ठेवल्या. दोन वर्षं लागली पण सुटल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा कोविडचं वर्ष होतं. सोन्याचा भाव चढलेला, त्यामुळे त्याच चाळीस ग्रॅमवर आधीपेक्षा बरीच जास्त रक्कम बसली. फॉर्मवर हेतूच्या रकान्यात लिहिलं घरखर्च. वर्ष भरल्यावर बाईंनी व्याजापुरते पैसे कुणाकडून तरी एका दिवसासाठी आणले, खातं नवं-जुनं केलं, भाव आणखी चढला होता म्हणून थोडी जास्त रक्कम मिळाली, त्यातून त्या माणसाचे पैसे परत केले. पुढच्या वर्षी तसंच.

आता हेच खातं वरच्या ऑफिसला जाणाऱ्या आकड्यांमध्ये कसं दिसतं बघा. शाखेचं सोनेतारण वाढलं, टार्गेट झालं. एनपीए, म्हणजे ९० दिवसांहून जास्त थकलेलं खातं, नाही. तारणाची किंमत कर्जापेक्षा जास्त, म्हणजे बँक सुरक्षित. सगळं हिरवं. आणि त्या घरात कमाईत एक रुपया न वाढता कर्ज दुप्पट झालेलं आहे. हे मी का सांगतेय, तर २०२४-२५ मध्ये बँकांचं सोनेतारण कर्ज वर्षात दुपटीच्या आसपास गेलं. त्यात काही भाग वर्गीकरण बदलल्याचा होता, आधी शेतीकर्जात धरलेली काही खाती सोनेतारणात आली, आणि काही भाग भाव चढल्याचा. एप्रिल २०२५ मध्ये तोळ्याने लाखाला हात लावला होता. त्यामुळे दुप्पट झालं म्हणजे दुप्पट लोक गहाण टाकायला आले असं नाही, ते मी मुद्दाम सांगते कारण टीव्हीवर तसंच सांगितलं गेलं. पण किती पाकिटं उघडून मालकाकडे गेली आणि किती पाकिटांवर फक्त नवीन चिठ्ठी चिकटली, हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच कुणी विचारत नाही. आरबीआयने जून २०२५ मध्ये सोनेतारणाचे नवीन नियम आणले, अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० आणि वर ७५. वर्षाअखेर एकदम भरायच्या कर्जात व्याज भरल्याशिवाय नूतनीकरण करता येणार नाही असंही त्यात आहे. दुसरा भाग चांगला आहे. पहिल्या भागाबद्दल माझं मत असं की गरजू माणसाला दोन पैसे जास्त मिळतील हे खरं, पण भाव उतरला तर वाचायला जागाही त्याच्याकडेच सगळ्यात कमी उरेल.

हे नवं-जुनं काही आजचं नाही, आपल्याच मातीत त्याचा मोठा धडा आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, सगळी मागणी इकडे वळली. दख्खनमधल्या रयतेला कापसाच्या एकरामागे १०० रुपये उचल मिळायला लागली, जो सावकार आधी दारात उभा करायचा नाही तो घरी येऊन पैसे देऊन जायचा. त्या तीन-चार वर्षांत कुणी कर्जाचा आकडा बघितला असता तर म्हणाला असता वा, भरभराट आहे, लोकांना भरवसा आहे. १८६५ ला यादवी संपली, भाव कोसळला, सावकाराने हात आखडला आणि त्याच सुमाराला सरकारने नवीन जमाबंदीत सारा वाढवला, ५० टक्क्यांपासून काही ठिकाणी दुपटीपर्यंत. आणि कर्जाच्या खताचं, म्हणजे लेखी कराराचं काय? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाचं खत तीन वर्षंच चालायचं. हेतू चांगला होता, व्याज साचत जाऊ नये. झालं उलटं, सावकार दर तीन वर्षांनी नवीन खत लिहून घ्यायचा, न भरलेलं व्याज मुद्दलात घालायचा, आणि त्या मुद्दलावर पुन्हा व्याज. म्हणजे नवं-जुनंच. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोक जमले आणि सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली, तिथून ते पुणे-नगर भागात पसरलं. आधी लोकांनी काय जाळलं तर कागद. कारण कर्ज फिटत नव्हतं, फक्त कागद बदलत होता. १८७९ ला मग दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला.

तर कर्ज वाढणं हे भरवशाचं लक्षण का अडचणीचं, याचं खरं उत्तर असं की सुरुवातीला दोन्ही अगदी सारखंच दिसतं. ही माझ्या एकटीची समजूत नाही. आयएमएफने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने, २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बऱ्याच देशांचा अभ्यास करून सांगितलं की कुटुंबांचं कर्ज वाढलं की आधी वाढीचा दर आणि रोजगार सुधारतो, कारण लोक खर्च करतात, आणि तीन ते पाच वर्षांनी ते उलटायला लागतं. त्यांचा हिशोब असा की तीन वर्षांत कर्ज जीडीपीच्या ५ टक्क्यांनी वाढलं तर त्यानंतर तीन वर्षांनी वाढीचा दर साधारण सव्वा टक्क्याने कमी पडतो. हा परिणाम ज्या देशांत कर्ज आधीच खूप आहे तिथे जास्त, आपल्यासारख्यांकडे सौम्य, त्यामुळे आपले सहा टक्के घेऊन त्याला गुणून भाकीत करत बसू नका. पण दिशा लक्षात ठेवा. आणि कर्ज किती उंचावर आहे यापेक्षा ते किती वेगाने चढलं यावर जास्त लक्ष ठेवा. अमेरिकेत २००० च्या सुमाराला हे प्रमाण ७० च्या आसपास होतं आणि २००७-०८ पर्यंत शंभरीला टेकलं. तिथेही लोक घराची किंमत वाढली की त्याच घरावर आणखी कर्ज काढून खर्च करत होते. आपल्या पाटल्यांचंच ते मोठं रूप.

मला मात्र अमेरिकेपेक्षा कोरियाचं उदाहरण आपल्याला जास्त लागू वाटतं, आणि ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. १९९७ च्या संकटानंतर दक्षिण कोरियाच्या सरकारला बाजारात मागणी आणायची होती, म्हणून त्यांनी क्रेडिट कार्डाला उत्तेजन दिलं, कार्डाने खर्च केला तर आयकरात सवलत. कंपन्यांनी विद्यार्थ्यांना, नोकरी नसलेल्यांना रस्त्यावर उभं राहून कार्डं वाटली. लोक एका कार्डावरून रोख काढून दुसऱ्याचं बिल भरायला लागले. २००२ ला वाढीचा दर ७ टक्क्यांच्या वर, सगळे खूश. २००३ ला कार्ड थकायला लागली, कंपन्यांनी मर्यादा कमी केल्या आणि त्या क्षणी सगळी रांग कोसळली, कारण फिरवायला पैसा नाही. वाढीचा दर ३ टक्क्यांच्या आसपास आला, घरगुती खर्च उलट घटला. थकबाकी आधी दिसलीच नव्हती, कारण नवीन कार्ड मिळत होतं तोपर्यंत जुनं वेळेवर भरलं जात होतं.

हे मी ठाण्याला रोज बघितलंय. पर्सनल लोनच्या फाइलला सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडलेलं असतं. नवीन पोरं आधी सिबिल स्कोअर, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्यावरून मिळणारे गुण, बघतात. मी त्यांना सांगायचे, आधी स्टेटमेंट उघड आणि १ ते ७ तारीख वाच. एकाचं सांगते, पगार ४६ हजार, १ तारखेला जमा. २ तारखेला बाइकचा हप्ता, ३ ला मोबाइलचा, ५ ला दोन वेगवेगळ्या फायनान्स कंपन्यांचे हप्ते, त्याच दिवशी कार्डाचं किमान बिल. ७ तारखेला शिल्लक ३१२ रुपये. मग ११ तारखेला कुठल्यातरी अ‍ॅपकडून ८ हजार जमा, १९ ला दुसऱ्या अ‍ॅपकडून ५ हजार, आणि पुढच्या महिन्यात त्यांचेही हप्ते रांगेत. सिबिल ७५० च्या वर. एकही हप्ता चुकलेला नाही. हेतूच्या रकान्यात लिहिलेलं, घराची दुरुस्ती. तो मुलगा खोटारडा नव्हता, त्याला बिचाऱ्याला वाटत होतं की एक मोठं लोन घेऊन बाकी सगळी बंद केली की सुटलो, आणि असं खरंच सुटलेले लोकही मी पाहिलेत, पण त्यांनी जुनी कार्डं कात्रीने कापली होती. बाकीच्यांचं वर्षभरात मोठं लोनही राहिलं आणि छोटीही परत आली.

आरबीआयच्या डिसेंबर २०२४ च्या रिपोर्टमध्ये हेच आकड्यात आलं. ५० हजारांखालचं पर्सनल लोन घेणाऱ्यांपैकी साधारण ११ टक्क्यांचं आधीचं एक पर्सनल लोन थकलेलं होतं, तरी त्यांना नवीन मिळालं. कार्ड किंवा पर्सनल लोन असणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या डोक्यावर घराचं किंवा गाडीचं कर्जही चालू होतं. हे का महत्त्वाचं आहे? तर एकाच बँकेत चार कर्जं असतील आणि त्यातलं २० हजारांचं छोटं ९० दिवस थकलं तर नियमाप्रमाणे त्या माणसाची त्या बँकेतली सगळीच कर्जं एनपीए धरावी लागतात, ४० लाखांचं होमलोनसुद्धा. त्यामुळे छोटं कर्ज आहे, बुडालं तर काय फरक पडतो, असं म्हणून चालत नाही.

चांगली बाजूही तितक्याच खात्रीने सांगते. त्याच रिपोर्टमध्ये असंही आहे की कुटुंबांच्या कर्जापैकी दोन तृतीयांशाच्या आसपास रक्कम चांगली पत असलेल्या लोकांकडे आहे, आणि वरची पत असलेले लोक कर्ज मुख्यतः घरासारख्या गोष्टींसाठी काढतायत. २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे कर्ज वजा जाता उरणारी, जीडीपीच्या ५ टक्क्यांच्या आसपास आली, दोन वर्षांपूर्वी ती ११ च्या वर होती, तेव्हा अर्थ मंत्रालयाने म्हटलं की काळजी नको, लोक घरं आणि गाड्या घेतायत. ते त्या वरच्या लोकांपुरतं खरं होतं, ठाण्याला आमच्या टेबलावर होमलोनच्या फाइलींचे गठ्ठे होते, नवरा-बायको दोघं कमावणारे, हप्ता पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत, अशा लोकांचं कर्ज वाढलं तर मला आनंदच आहे. पण कमी पत असलेल्या लोकांचं कर्ज खर्चासाठी जास्त जातं हेही त्याच रिपोर्टात आहे. दोन्ही एकाच ४२ मध्ये मिसळलेलं आहे, म्हणून एक जण म्हणतो भरभराट, दुसरा म्हणतो दिवाळखोरी, आणि दोघंही आपापल्या ओळखीतली माणसं बघून बोलत असतात.

होमलोनमध्येही एक झाकलेली जागा आहे, ती थोडक्यात सांगते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो, म्हणजे आरबीआय बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ वरून साडेसहावर गेला तेव्हा बहुतेकांचा हप्ता वाढला नाही, मुदत वाढली. वीस वर्षांचं कर्ज पंचवीस-तीसवर गेलं, काहींच्या हप्त्यात तर व्याजही भरून निघेना. आरबीआयने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितलं की ग्राहकाला स्पष्ट कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत, त्यालाच ठरवू द्या. २०२५ मध्ये रेपो खाली आला, तेव्हा ज्यांनी हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेतली ते शहाणे ठरले.

आता शेवटचा प्रश्न, आकडा कमी झाला तर खूश व्हायचं का. नोव्हेंबर २०२३ मध्ये आरबीआयने विनातारण कर्जावरचा रिस्क वेट १०० वरून १२५ केला, बँकांच्या क्रेडिट कार्डांवर १५०. सोप्या भाषेत, असं कर्ज दिलं तर बँकेने स्वतःचं जास्त भांडवल बाजूला ठेवायचं. निर्णय बरोबर होता आणि वेळेवर होता असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पर्सनल लोनची वाढ मंदावली. पण त्यानंतरच सोनेतारणाचा आलेख उभा चढला. पाणी अडवलं की ते दुसऱ्या बांधाने जातं, ज्याला विनातारण मिळेना तो दागिना घेऊन आला. भाव चढला हे कारण आहेच, पण सोनेतारणाला आलेल्यांत आधी पर्सनल लोनसाठी आलेले बरेच होते.

तसंच मायक्रोफायनान्सचं, म्हणजे गरीब घरांना मिळणाऱ्या छोट्या विनातारण कर्जांचं. २०१० मध्ये आंध्रात एकेका बाईला तीन-चार कंपन्यांनी कर्जं दिली, मग सरकारने वटहुकूम काढला, वसुली थांबली आणि कर्जपुरवठाही थांबला. आता २०२२ पासून नियम आहे की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. नियम चांगला, पण ते उत्पन्न ठरवतं कोण? बाई तोंडाने सांगते आणि फील्डवरचा पोरगा लिहून घेतो, त्याला संध्याकाळपर्यंत दहा फॉर्म पूर्ण करायचे असतात. २०२४-२५ मध्ये मायक्रोफायनान्सची एकूण येणी वाढायच्या ऐवजी घटली. घटली म्हणजे बायका कर्जमुक्त झाल्या का? काही झाल्या असतील. पण बऱ्याच ठिकाणी कंपन्यांनी हात आखडला, जुनं वसूल करायचं आणि नवीन द्यायचं नाही, आणि त्या बाईचं फिरणारं चक्र थांबलं. ती मग कुठे जाते ते कुठल्याच रिपोर्टात येत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे, परवाना लागतो, व्याजाला मर्यादा आहे, पण गावात रात्री आठ वाजता पैसे लागले तर माणूस परवाना बघून जात नाही.

म्हणून पुढच्या वर्षी ४० आलं तर एकट्या त्या आकड्याकडे बघू नका. आरबीआयच्या त्याच सहामाही रिपोर्टात घराच्या कर्जाचा वाटा २९ वरून वर गेलाय का ते बघा, माणशी कर्ज बघा, मार्च २०२३ ला एका कर्जदारामागे सरासरी ३.९ लाख होतं ते मार्च २०२५ ला ४.८ लाख झालं, पगार तेवढे वाढलेत का ते तुम्ही आपल्या घरावरून सांगू शकाल. एका माणसाच्या नावावर एका वेळी किती कर्जं चालू आहेत तो तक्ता शोधा. दर महिन्याला किती हप्ते खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेले त्याचं प्रमाण एनपीसीआय, म्हणजे देशातली पेमेंट यंत्रणा चालवणारी संस्था, जाहीर करते, ते बघा, ते एनपीएच्या कितीतरी आधी हलतं, कारण हप्ता परत जायचा दिवस आणि खातं एनपीए व्हायचा दिवस यात तीन महिने असतात. आणि तुमच्या ओळखीत बँकेत, पतसंस्थेत कुणी सोनेतारणाला बसत असेल तर त्याला एवढंच विचारा की दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या आधी किती पाकिटं सुटली. आमच्या वेळी चांगल्या वर्षी दिवाळीच्या आठवड्यात तिजोरीच्या दोन फळ्या रिकाम्या व्हायच्या आणि व्हॅल्युअरला सील फोडता फोडता जेवायला वेळ मिळायचा नाही.